साच्यातली गोळी, परवान्यावरची गोळी

आमच्या तलवाड्यात हत्यारांच्या गप्पा निघाल्या की बोलणे बंदुकीपाशीच थांबते. कुणाच्या पणजोबांच्या बंदुकीची नळी किती लांब होती, कुणाच्या दस्त्यावर चांदीचे काम होते, कोणत्या वाड्यात किती तलवारी होत्या. गोळीबद्दल कुणी बोलत नाही. मी गेवराई तालुक्यात इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवले. आपल्या भागाचा शस्त्रांचा इतिहास नुसता बंदुकीच्या बाजूने वाचला तर अर्धाच हाती लागतो, असे माझे ठाम मत झाले आहे. बंदूक एकदा घरात आली की तीन पिढ्या टिकते. गोळी दर बाराला नवी लागते. ती कशाची, कुणी ओतलेली, कुठून आणलेली, यावर बंदुकीचा खरा धनी कोण हे ठरते.

सुरुवात आमच्याच तालुक्यातून करतो. शनीच्या दर्शनासाठी लोक राक्षसभुवनला जातात, तिथल्या गोदावरीच्या काठावर 10 ऑगस्ट 1763 रोजी मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. निजामअली नदी ओलांडून पलीकडे गेला होता. पिछाडीची फौज दिवाण विठ्ठल सुंदर याच्याकडे होती आणि ती अलीकडेच राहिली होती. मराठ्यांनी नेमका तोच वेळ साधला. राघोबादादा हत्तीसकट शत्रूच्या गराड्यात सापडले, तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी चाल करून त्यांना सोडवले. विठ्ठल सुंदर मारला गेला. नदी भरून वाहत होती, त्यामुळे पलीकडच्या निजामाला आपल्या माणसांच्या मदतीला येता आले नाही. पुढे सप्टेंबरात औरंगाबादला तह झाला.

शाळेच्या पुस्तकात ही लढाई एवढ्यावर संपते. मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगत असे. दिवस ऐन पावसाळ्याचे होते. त्या काळी बहुतेक शिपायांकडे तोड्याची बंदूक असे. जळता तोडा कानातल्या रंजकेवर टेकवायचा, मग बार उडायचा. सर आली की तोडा विझतो, रंजक भिजते, आणि हातातली बंदूक काठी होऊन बसते. अशा दिवसांत भाला आणि तलवार यांचे मोल वाढते. शिपायाकडे बंदूक असणे आणि त्याला बार काढता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या गोदाकाठाने तेव्हापासून पाहिले आहे.

जुन्या राज्यकर्त्यांना हे पक्के ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रे अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. त्यांत दारूखाना कसा असावा याची बारीक सूचना आहे. तो राहत्या घरांपासून दूर असावा, दारूला ओल लागू नये, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे, परत मोहोर करून ठेवावी. किल्ल्याच्या तटाइतकीच काळजी त्यांनी दारूच्या मडक्यांची केली आहे. शिशाची अडचण तर दारूहून मोठी होती. कोळसा आपल्या झाडांचा करता येई, सोरा मातीतून काढता येई. शिशाच्या खाणी महाराष्ट्रात नव्हत्या. ते समुद्रावरून येई. शिवाजी महाराजांनी इंग्रज आणि फ्रेंच वखारवाल्यांकडून तोफांबरोबर शिसेही विकत घेतल्याच्या नोंदी आहेत. रायगडावरच्या बंदुकीतली गोळी घाटावर ओतलेली असली, तरी तिचे शिसे परमुलखातून गलबतात बसून आलेले असण्याचा संभव मोठा.

गोळी ओतण्याचे काम मी लहानपणी जवळून पाहिले आहे. आमच्या घरी ठासणीची, टोपीवर उडणारी एक बंदूक होती. रानडुकरे आणि हरणे ज्वारीच्या रानात शिरत, त्यांना हुसकायला ती वापरली जाई. तिच्याबरोबर एक लोखंडी साचा होता. अडकित्त्यासारखे दोन दांडे, पुढे दोन पाळी, आणि पाळी मिटल्या की आत एक गोल पोकळी. वरून ओतायला छोटे भोक. शिसे कुठले, तर गोदावरीवर मासे धरणाऱ्या भोयांच्या जुन्या जाळ्यांना जे शिशाचे मणी असत, ते आजोबा धान्य देऊन घेत.

ओतायचे काम अंगणात, उघड्यावर चाले. स्वयंपाकाच्या चुलीवर कधीच नाही, कारण शिशाची वाफ घरात नको, असा आजोबांचा दंडक होता. कोळशाची शेगडी फुलवून लोखंडी पळीत शिसे ठेवत. शिसे 327 अंशाला वितळते. आजोबांकडे तापमापक कुठला, ते वाळलेली काडी बुडवून बघत. काडी लगेच करपली की शिसे तयार. वर राखाडी साय धरे, ती ते लोखंडाच्या पट्टीने बाजूला सारत. मला म्हणत, "बाळा, साय आत गेली की गोळीला खड्डा पडतो. खड्ड्याची गोळी वाकडी जाते."

पहिल्या दोन-तीन गोळ्या ते बघतही नसत, सरळ पळीत परत टाकत. साचा थंड असला की शिसे पोकळीत पोचण्याआधीच गोठते आणि गोळीवर सुरकुत्या येतात. साचा तापला की गोळी गुळगुळीत निघे, आणि फार तापला तर तिला धुरकट खरखरीतपणा येई, मग थोडे थांबायचे. ओतून झाल्यावर भोकातल्या शिशाचा चकचकीतपणा जाऊन ते मंद होई, तेव्हा साचा उघडायचा. गोळी घडी घातलेल्या गोधडीवर पाडायची, दगडावर नाही, कारण ताजे शिसे मऊ असते आणि त्याला लगेच चेपा येतो. वर राहिलेला शेंडा सुरीने कापायचा आणि तो कापलेला तुकडा परत पळीत. सगळ्यात मोठी भीती पाण्याची. पाण्याचा एक थेंब तापल्या शिशात पडला की त्याची वाफ होऊन शिसे उसळते आणि डोळा जातो. म्हणून ओल्या हाताच्या माणसाला शेगडीजवळ मज्जाव होता. काम संपल्यावर आजोबा राखेने हात घासत आणि मगच भाकरीला बसत.

बंदुकीची नळी केवढी, हे सांगण्याची जुनी इंग्रजी रीतही शिशावरच बसवलेली आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणजे एक गोळी सुमारे 38 ग्रॅमची. आजही बारा बोअरची बंदूक म्हणतात ती याच हिशेबाने. बंदुकीचे माप शिशाच्या गोळीने मोजले जात होते, हे मला फार बोलके वाटते.

आता निजामाच्या बाजूने बघू. खर्ड्याची लढाई 1795 ची, आमच्या शेजारच्या जामखेड भागातली. तिच्यात निजामाची कवायती पायदळ फौज फ्रेंच सरदार रेमंडच्या हाताखाली होती. याच रेमंडने 1786 मध्ये हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. तोफा आणि तोफेचे गोळे राज्यातच ओतले गेले की परक्या वखारीच्या तोंडाकडे बघावे लागत नाही, हे त्या दरबाराने ओळखले होते. 1798 मध्ये निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, फ्रेंचांच्या पलटणी मोडल्या गेल्या आणि चित्र पालटले. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत 'हैदराबाद कंटिंजंट' उभी राहिली. तिच्या छावण्या मराठवाड्यात होत्या, त्यांतली घोडदळाची एक आमच्याच जिल्ह्यात मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला. माणसे इथली, पैसा इथला. हुकूम इंग्रजांचा आणि दारूगोळ्याची सोयही त्यांच्याच हाती. 1903 मध्ये ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात मिळवून टाकली, तेव्हा निजामाला फार काही करता आले नाही, यात मला नवल वाटत नाही.

खेड्यातल्या बंदुकीचे स्वातंत्र्य गेले ते एका फार छोट्या वस्तूमुळे. अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने 1807 मध्ये ठोक्यासरशी पेटणाऱ्या रसायनावर बंदूक उडवण्याची युक्ती नोंदवली. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली. आत फुलमिनेटचा कण, वर घोडा आपटला की ठिणगी नळीत जाते. पावसाची अडचण पुष्कळ कमी झाली. तोडा सुताचा, तो घरी वळता येई. चकमकीचा दगड रानात सापडे. दारू कुटणारे आणि गोळी ओतणारे हात गावात होते. टोपी मात्र गावात कुणालाही करता येत नव्हती. ती बाजारातून, परवानगीने आणि सरकारच्या मर्जीने यायची. ज्या दिवशी गावच्या बंदुकीला टोपी लागली त्या दिवशी तिचा चाप दुसऱ्याच्या हातात गेला. आमच्या भागाच्या शस्त्रांच्या इतिहासातले सगळ्यात मोठे वळण मी यालाच मानतो, कोणत्याही लढाईपेक्षा मोठे.

रिव्हॉल्वर याच टोपीच्या जोरावर जन्मले. सॅम्युअल कोल्टचे पेटंट 1836 चे. त्याची 1851 ची 'नेव्ही' रिव्हॉल्वरे लाकडी पेटीत विकली जात आणि पेटीत गोळीचा साचा सोबत असे. गिऱ्हाइकाने शिसे आणावे आणि आपल्या गोळ्या आपण ओताव्यात, अशी ती रीत. 1857 मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने धातूच्या पुंगळीचे काडतूस घेणारे रिव्हॉल्वर काढले. पुंगळी, दारू, टोपी आणि गोळी आता एकाच तुकड्यात आली. तरीही अमेरिकेत हातभरणी संपली नाही. वापरलेली पुंगळी जपायची, तिची जळकी टोपी काढून नवी बसवायची, दारू मोजून घालायची, घरी ओतलेली गोळी बसवायची, हा तिथल्या शेतकऱ्यांचा आणि नेमबाजांचा हिवाळ्यातला उद्योग झाला. न्यू हेवनच्या जॉन बार्लोने 1884 मध्ये 'आयडियल' नावाची कंपनी याच अवजारांसाठी काढली. ती 1925 मध्ये लायमन कंपनीने घेतली आणि लायमनचे साचे आजही विकले जातात.

लहान तोंडाच्या रिव्हॉल्वरची गोळी ओतणे हे ठासणीच्या गोळीपेक्षा नाजूक काम आहे. ठासणीच्या बंदुकीला मऊ, शुद्ध शिसे चांगले. गोळी कापडाच्या चिंधीत गुंडाळून गजाने ठासली की काम झाले. रिव्हॉल्वरच्या नळीला आतून आटे असतात. नुसते मऊ शिसे त्यांना चिकटून राहते. म्हणून थोडे कथील आणि अँटिमनी मिसळतात. कथलाने वितळलेले शिसे साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट पसरते, अँटिमनीने ते कडक होते. गोळीच्या अंगावर खाचा ठेवतात आणि त्यांत मेणाचे वंगण भरतात. .32 स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस 1896 चे. कानपूरच्या सरकारी कारखान्यात आपल्याकडची परवान्याची .32 रिव्हॉल्वरे होतात, ती याच काडतुसाची. त्याची नेहमीची शिशाची गोळी 98 ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमही नाही. आमच्या भोयांच्या एक किलो मण्यांतून तसल्या दीडशेवर गोळ्या निघाल्या असत्या. बारा बोअरच्या एका गोळीच्या शिशात जवळजवळ सहा रिव्हॉल्वरच्या गोळ्या बसतात. आजोबांचा हात ती गोळीही ओतू शकला असता. पुंगळी आणि टोपी त्यांच्या हाताबाहेर होती, आणि काडतुसाचा जीव त्या टोपीत असतो.

इंग्रजांनी हे नीट हेरले. लॉर्ड लिटनच्या 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे बंद झाले, आणि दारूगोळाही त्याच कायद्यात आला. त्याआधीच, 1869 मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला होता. काडतुसे सरकार करणार, सरकार वाटणार. म्हणूनच क्रांतिकारकांना पिस्तूल मिळवून भागत नव्हते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर 20 ब्राउनिंग पिस्तुले पाठवली, ती काडतुसांसकट पाठवावी लागली. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेली गोळी त्याच पेटीतल्या हत्याराची. पेटीतला गोळ्यांचा साठा संपला की ती पिस्तुले देशातल्या कुठल्याच कारागिराला जागी करता आली नसती.

आमच्याकडे ही परीक्षा 1948 साली झाली. रझाकारांची दहशत गावोगाव होती. निजामाने भारताशी 29 नोव्हेंबर 1947 रोजी जैसे थे करार केला होता, आणि दुसरीकडे सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानांतून हैदराबादेत शस्त्रे उतरवत होता. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढत होते. 30 जानेवारी 1948 रोजी नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली गेली, ती चळवळीला पैसा हवा म्हणून. पैसा कशाला हवा होता, तर मुख्यतः हत्यारे आणि काडतुसे यांसाठी. आजोबा त्या उन्हाळ्याबद्दल सांगत, "बंदूक होती, दारू होती, गोळ्या डब्यात होत्या. टोप्या नव्हत्या." जालन्याच्या बाजारातून टोप्या येणे थांबले होते. आमच्या घरच्यांनी ती बंदूक कडब्याच्या गंजीत लपवून ठेवली. कुणी आले तर दाखवायला तिचा उपयोग होता, झाडायला नव्हता. गावातल्या अनेक घरांची तीच स्थिती होती.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा राज्यात शिरल्या आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली. आपण तो दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि तो केलाच पाहिजे. त्याच्या पुढचे आठवडेही सांगितले पाहिजेत. हत्यारे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेली आणि मराठवाड्यात, विशेषतः उस्मानाबादकडे, निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षी फिरून हे नोंदवले. वर्गात हे सांगताना माझा आवाज जड होई, पण मी ते कधी गाळले नाही. काडतुसांच्या साठ्यावर कुणाचाच ताबा उरला नाही की काय होते, याचा तो पुरावा आहे.

पुढचा काळ कायद्याचा. 1959 चा शस्त्र कायदा ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. हत्यार किंवा दारूगोळा तयार करायलाही परवाना लागू लागला. काडतूस घरी भरणे ही सामान्य परवानाधारकाची मुभा राहिली नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली. जायकवाडीचे पाणी उजव्या कालव्याने आमच्या भागात आले, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. ठासणीच्या बंदुकीचे काम संपले. वडिलांनी ती रीतसर सरकारजमा केली आणि साचाही तिच्याबरोबर दिला. मला तेव्हा वाईट वाटले होते. आज वाटते, त्यांनी योग्य केले.

आता आमच्या जिल्ह्यात बंदुकीची जागा रिव्हॉल्वरने आणि पिस्तुलाने घेतली आहे. कमरेला हत्यार दिसणे हा मान समजला जाऊ लागला. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि सगळ्या महाराष्ट्राने विचारले, एका जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने कशाला? त्यानंतर प्रशासनाने शेकडो परवाने रद्द केले. हे व्हायलाच हवे होते. चर्चा पुन्हा हत्यारावरच अडकली याचे मला दुःख आहे. निवडणूक आली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा होतात, पावती मिळते, निकालानंतर परत मिळतात. हत्याराचा हिशेब असा डोळ्यांपुढे असतो. काडतुसांचा हिशेब वहीत असतो, आणि ती वही फार थोडे लोक उघडून बघतात.

परवान्यावर दोन आकडे असतात. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची. माझ्या दृष्टीने त्या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तोच. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या प्रत्येक गोळीची एक पुंगळी कुठेतरी पडलेली असते आणि विक्रेत्याच्या वहीत एक खूण असते. त्या दोन्ही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या तर दहशतीचा निम्मा बाजार उठेल.

हे मी आदर्शवादाने बोलत नाही. अमात्यांनी दारूला दर आठ-पंधरा दिवसांनी ऊन द्यायला लावले. रेमंडने राज्यातच तोफा ओतल्या. इंग्रजांनी खडकीला कारखाना घातला, 1948 मध्ये निजामाने विमानाने हत्यारे मागवली, आणि आजोबांची बंदूक टोपीअभावी गंजीत पडून राहिली. या सगळ्यांत एकच गोष्ट दिसते. ज्याने गोळीची वाट धरून ठेवली, सत्ता त्याची. लोकशाहीत ती वाट लोकांनी निवडलेल्या सरकारच्या हातात आहे, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवण्याचा हक्क आणि जबाबदारी आपली आहे. बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक परवान्यामागे किती काडतुसे घेतली, किती झाडली, कुठे झाडली आणि किती उरली, हे दरवर्षी तपासले जावे. ग्रामसभेत रस्त्याचा आणि पाण्याचा हिशेब मागतो, तसा हाही हिशेब आपण मागितला पाहिजे.